सत्तर तासांचा हिशेब

महाविद्यालयीन शिक्षणाला समाजसेवेची जोड असावी, हा विचार जुना आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने ऐच्छिक राष्ट्रसेवेचा आग्रह धरला होता. १९५९ साली नेमलेल्या चिंतामणराव देशमुख समितीने तर महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची सेवा सुचवली. सक्ती मान्य झाली नाही. अखेर गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पदवीच्या अभ्यासासोबत दोन वर्षांत २४० तास सेवा, असे तिचे स्वरूप ठरले.

आपल्या भागात रासेयो म्हटले की सात दिवसांचे शिबीर आठवते. गावच्या शाळेत मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. पण योजनेचा कणा शिबिरात नाही, वर्षभराच्या १२० तासांत आहे. त्यांतले सुमारे २० तास उद्बोधनाचे, ३० महाविद्यालयाच्या आवारातल्या कामाचे आणि उरलेले ७० समाजात जाऊन करायच्या कामाचे. शंभर स्वयंसेवकांच्या एका पथकाचे हे ७,००० तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर ८७५ दिवसांची मेहनत, तीही दरवर्षी.

या तासांचे करायचे काय? मंगरूळपीर तालुका सोयाबीन-तुरीचा. खरीप पावसावर, तर हरभऱ्याचे पाणी बहुतेक विहिरीवर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. पण निरीक्षण विहीर गावोगावी नसते. विद्यार्थ्यांनी दत्तक गावातल्या दहा विहिरी त्याच चार महिन्यांत दोरी आणि टेपने मोजल्या, तर भूगोलाचा धडा शिवारात शिकता येईल. त्या नोंदींचा आलेख गणिताच्या विद्यार्थ्याने काढावा आणि तो ग्रामसभेत मराठीच्या विद्यार्थ्याने समजावून सांगावा. पाच वर्षांच्या नोंदी हाती असल्या, की हरभरा किती पेरायचा हे गावाला अंदाजपंचे ठरवावे लागणार नाही. सात दिवसांच्या शिबिरात हे जमणारे नाही. त्यासाठी वर्षभर त्याच गावी पुन्हा पुन्हा जावे लागते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार अशा कामाला आता श्रेयांक मिळतात. समाजकार्याचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. ही संधी आहे, तसा धोकाही आहे. श्रेयांकासाठी तास फक्त वहीत भरले गेले, तर गाव नुसते छायाचित्रापुरते उरेल.

आपल्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारत. त्यांचे काम आणि त्यांची शिकवण वेगळी नव्हती. म्हणून शिबिराचा अहवाल लिहिताना किती खड्डे खोदले यासोबत आणखी एक रकाना असावा : या गावाविषयी आपल्याला काल ठाऊक नसलेले काय कळले, आणि ते गावाला सांगितले का?