विकतची उमरावी

अंबाजोगाईस आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या दिवाळींत एक जाड लखोटा येऊन पडला. परदेशीं नोकरीस असलेल्या थोरल्या नातवानें आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त कौतुकानें धाडलेली ती भेट होती : स्कॉटलंडांतील एका डोंगरउतारावरची हातभर जमीन आणि तिच्यासोबत 'लॉर्ड' ही पदवी ! लाखेची मोहोर पाहून मुलें हरखलीं, आजोबा हंसले आणि सनद कपाटांत गेली. परंतु पुढें धाकट्या नातवाच्या लग्नाचें बोलणें सुरू झालें, तेव्हां स्थळांकडे पाठवावयाच्या टिपणांत 'लॉर्ड घराणें' असें लिहावें काय, असा प्रश्न कोणींसा काढला. थट्टेची गोष्ट गंभीर झाली ती तेथें.

प्रथम त्या सनदेचें मोल पाहूं. स्मरणार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या असल्या तुकड्यांची मालकी स्कॉटलंडच्या सरकारी जमीन-नोंदवहींत चढत नाहीं. 2012 च्या तेथील कायद्यानें अशी नोंद स्पष्टपणें वर्ज्य केली आहे. 'लेअर्ड' म्हणजे तेथील जमीनदार. परंतु असल्या तुकड्याच्या खरेदीनें तोही मान मिळत नाहीं, असें मानचिन्हांचा अधिकार सांभाळणाऱ्या 'लॉर्ड लायन' ह्या अधिकाऱ्याच्या कचेरीचें म्हणणें आहे. खुद्द ब्रिटनमध्यें राजदरबारचा बहुमान पैसे घेऊन मिळवून देणें हा 1925 पासून गुन्हा आहे. तेव्हां ही सनद म्हणजे सुंदर छापलेला कागद, ह्याहून अधिक कांहीं नव्हे.

आतां आपल्या कायद्याकडे वळूं. राज्यघटनेच्या 18 व्या कलमान्वयें सैनिकी किंवा विद्याविषयक बहुमानाखेरीज कोणतीही पदवी सरकारला देतां येत नाहीं, आणि कोणत्याही नागरिकास परकीय राष्ट्राकडून पदवी स्वीकारतां येत नाहीं. पद्मश्री, भारतरत्न हे सन्मानसुद्धां पदव्या नव्हेत, म्हणून ते नांवाच्या मागें-पुढें लावूं नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें बालाजी राघवन् ह्यांच्या खटल्यांत डिसेंबर 1995 मध्यें दिला. पदवी विकणारा दुकानदार हा कांहीं राष्ट्र नव्हे. त्यामुळें त्याच्याकडून कागद घेतल्यानें 18 व्या कलमाचा भंग होत नाहीं. पण त्या कागदास मान्यता देण्याचें बंधनही कोणावर येत नाहीं.

मग खऱ्या, पिढीजात पदव्यांचें काय झालें ? कुरुंदवाडच्या धाकट्या पातीचे संस्थानिक रघुनाथराव गणपतराव पटवर्धन हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयांत गेले होते. 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनें संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द झाले होते. ती दुरुस्ती वैध आहे, असा निकाल न्यायालयानें 1993 सालीं दिला. ज्या घराण्यानें पिढ्यान्पिढ्या राज्य केलें, त्याचीही राजेपणाची मान्यता जेथें टिकली नाहीं, तेथें टपालानें आलेल्या उमरावीची काय कथा !

बीड जिल्ह्यास हें नवें नाहीं. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. त्या दरबारांत जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह अशा चढत्या पायऱ्यांच्या पदव्या होत्या. हिंदु सरदारांस राजा, राजवंत इत्यादि किताब मिळत. ऑगस्ट 1949 मध्यें जहागिरी रद्द करण्याचा कायदा झाला, आणि किताबांमागची सत्ता व वसूल दोन्हीं गेलीं. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जहागीरदार हीं नांवें राहिलीं, तीं केवळ आडनांवें म्हणून. आणि नांवास कायद्याची हरकत नाहीं. कोणी राजपत्रांत रीतसर प्रसिद्ध करून आपलें नांव 'राजा' ठेवलें, तरी तो राजा होत नाहीं, एवढेंच.

म्हणून उत्तर असें : घरांत, थट्टेंत, भिंतीवरील चौकटींत ती पदवी खुशाल असूं द्यावी. सरकारी अर्जांत तिला स्थान नाहीं. परंतु तिच्या जोरावर दुसऱ्याचा समज करून देऊन पैसा किंवा लाभ घेतला, तर मामला फसवणुकीचा होतो. भारतीय न्याय संहितेचें 318 वें कलम त्यासाठींच आहे. विवाहांत तर अधिक जपलें पाहिजे. वधूची किंवा वराची संमति महत्त्वाच्या बाबतींत फसवून मिळविलेली असेल, तर तो विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेतां येतो, असें 1955 च्या हिंदु विवाह कायद्याचें 12 वें कलम सांगतें. एका शब्दानें परदेशांत इस्टेट असल्याचा भास झाला आणि त्यावर सोयरीक जुळली, तर उद्यां त्या मुलीच्या आईबापांना आपण काय उत्तर देणार ? वाद कोर्टांत टिको वा न टिको, विश्वास मात्र टिकणार नाहीं.

आमच्या स्नेह्यांच्या घरीं अखेर आजोबांनींच निकाल दिला. ते म्हणाले, "आपल्या पूर्वजांच्या नांवापुढें देशपांडे लागलें, कारण ते परगण्याचें दप्तर लिहीत. ह्या लॉर्डानें कोणतें काम करावयाचें, तेवढें मला सांगा, मग लिहा." कोणांसही सांगतां आलें नाहीं. टिपणांत मुलाचें शिक्षण, नोकरी, गोत्र आणि गांव एवढेंच गेलें. सनद अजून कपाटांत आहे. नातवाच्या प्रेमाची खूण म्हणून तिची किंमत यत्किंचितही कमी झालेली नाहीं.