सल्ल्याची पेढी आणि तिची माणसे

आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांचा भाव पडला तरी गोदामात पोती शिल्लक राहतात. सल्ला विकणाऱ्या पेढीजवळ माणसांवाचून दुसरा माल नाही. म्हणूनच ती माणसे कशी सांभाळली जातात, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील बोस्टन शहरी १९७३ साली बिल बेन यांनी सहकाऱ्यांसह स्थापिलेली ‘बेन अँड कंपनी’ ही अशीच एक पेढी. मोठ्या उद्योगपतींना धंद्याविषयी सल्ला देणे हा तिचा व्यवसाय. ‘ग्लासडोअर’ नावाची संस्था नोकरवर्गाकडून, नावे उघड न करता, आपापल्या पेढीविषयी मते मागविते व त्यांवरून उत्तम कार्यस्थळांची वार्षिक यादी काढते. २०१२, २०१७, २०१९, २०२१ व २०२४ या वर्षांच्या अमेरिकेच्या यादीत बेन कंपनीस पहिला क्रमांक मिळाला. हा मान मालकाने आपला आपण घेतलेला नव्हे, हे मला विशेष वाटते. आपल्या मुनिमाला आणि हमालाला असेच नाव न सांगता बोलू दिले, तर काय ऐकावे लागेल, याचा सभासद बंधूंनी मनाशी अंदाज घ्यावा!

‘बेनचा माणूस बेनच्या माणसाला पडू देत नाही’, अशा अर्थाचे एक वचन त्या पेढीत रूढ आहे. ठराविक दिवसांनी प्रत्येक गटातील माणसांना कामाविषयी प्रश्न विचारतात आणि आलेली उत्तरे त्याच गटापुढे चर्चेस ठेवतात. तक्रार ऐकून ती वहीत बांधून ठेवण्याची आपली रीत तेथे नाही.

हे सौख्य मात्र आयते आलेले नाही. १९८०च्या दशकात संस्थापकांनी आपल्या हिश्शाचा काही भाग नोकरांच्या भागभांडवल योजनेस विकला. त्यासाठी काढलेल्या कर्जाच्या ओझ्याखाली १९९०च्या सुमारास पेढी बुडण्याच्या बेतास आली व अनेकांना घरी जावे लागले. तेव्हा पुढे राजकारणात प्रसिद्धीस आलेले मिट रॉम्नी यांनी सूत्रे घेतली. सावकारांशी नव्याने बोलणी झाली, संस्थापकांनीही घेतलेल्या पैशांतील काही भाग सोडला, आणि पेढी तरली. १९९३ साली ओरिट गडिएश या विदुषी अध्यक्षस्थानी आल्या.

येथवरचा हिशेब जमेचा. नावेची बाजूही मांडली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याची पुनर्रचना करण्याचे काम २०१५ साली या पेढीस मिळाले. त्या कामाने खाते दुबळे झाले, असा ठपका २०१८ साली न्यायमूर्ती नुजेंट यांच्या चौकशी आयोगाने ठेवला. पेढीने क्षमा मागितली, घेतलेले शुल्क व्याजासह परत केले. तरीही २०२२ साली ब्रिटिश सरकारने तिला सरकारी कंत्राटांपासून तीन वर्षे दूर ठेवण्याचे ठरविले. तो निर्बंध २०२३ मध्ये उठला.

पोत्याच्या एका कोपऱ्यातून काढलेल्या वानगीवर सौदा करणारा आपल्यांत कोणी नसेल. २०२४ची वानगी पेढीच्या आतल्या माणसांनी दिली होती. प्रिटोरियाच्या कर खात्यातील कारकुनांना तेथे कोणी मत विचारले नव्हते.