खोलीची किल्ली, खिशाची किल्ली

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला चांगला भाव लागला की जुन्नर-आंबेगावच्या घरांत सहलीचे बेत सुरू होतात. काशी आणि केरळच्या जोडीला आता मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचंही नाव निघतं. ‘हे जहाज नेमकं कशावर कमावतं, ते वाचकांना सांगा,’ असं संपादक म्हणाले, आणि मी या जहाजाच्या मागे लागलो.

जहाजाचं नाव एम्प्रेस. बांधणी फ्रान्समध्ये, 1990 सालची; लांबी 211 मीटर. रॉयल कॅरिबियन कंपनीकडे बरीच वर्षं काढून ते भारतात आलं आणि सप्टेंबर 2021 पासून ‘कॉर्डेलिया’ या क्रूझसेवेच्या नावाने मुंबईहून फिरू लागलं. त्याआधी 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली होती. कोकणच्या जुन्या बोटी चाकरमान्यांना गावी पोचवत. क्रूझवर मात्र जहाज हाच मुक्काम.

भर समुद्रात हजारभर माणसांना तिन्ही त्रिकाळ गरम जेवण, गोडं पाणी, स्वच्छ अंथरूण देणं ही थोर कामगिरी आहे. पण मला खिळवून ठेवलं ते एका प्लास्टिकच्या कार्डाने. खोलीचं दार त्यानेच उघडतं, बंदरावर चढ-उताराची नोंद त्यावरच होते आणि खर्चही त्यावरच पडतो. खोली, रोजचं जेवण, बरेचसे कार्यक्रम तिकिटात येतात. दारू, मसाज, खास उपाहारगृहं, इंटरनेट, किनाऱ्यावरची सहल, कॅसिनो यांचे पैसे वेगळे. खिशातून नोट निघत नाही, म्हणून खर्च जाणवतही नाही.

खोली रिकामी राहिली तरी इंधन, पगार, बंदराचे आकार फारसे कमी होत नाहीत. म्हणून कंपनी वेळप्रसंगी तिकीट स्वस्त करते. चढलेला माणूस आत खर्च करणारच. जगातली सर्वांत मोठी क्रूझ कंपनी कार्निव्हल. 2023 मध्ये तिचं उत्पन्न सुमारे 2,160 कोटी डॉलर होतं आणि त्यातला जवळपास 35 टक्के वाटा तिकिटाबाहेरचा, मुख्यतः जहाजावरच्या खर्चाचा होता. 100 शेअर बाळगणाऱ्यांसाठी या कंपनीने सवलत ठेवली, तीही जहाजावरच खर्चायच्या रकमेची!

नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. घाट चढणाऱ्या व्यापाऱ्याला तो समोर दिसे. या कार्डाचा रांजण दिसत नाही, याची मला काळजी वाटते.

एकत्र कुटुंब निघालं की ही काळजी वाढते. एका खोलीचा खर्च एकाच खात्यावर, कार्डं मात्र पोरांच्याही हातात. जाहिरातीतल्या भाड्यावर कर आणि बंदराचे आकार चढू शकतात. अनेक परदेशी कंपन्या सेवकांची बक्षिशी माणशी, दर दिवसाला आपोआप लावतात. तारीख जवळ आल्यावर बेत मोडला, तर परत मिळणारी रक्कम घटत जाते. आणि तोडणीची तारीख काही शेतकऱ्याच्या हातात नसते.

तेव्हा जरूर जा, समुद्र डोळे भरून पाहा. पण बुकिंगआधी सगळे आकार धरून एकूण रक्कम लेखी घ्या, पोरांच्या कार्डांवरची खरेदी बंद करता येते का ते विचारा आणि रोज रात्री खात्याचा हिशोब पाहा. तो शेवटच्या सकाळवर ठेवू नका.