एक मात्रा कमी

तबल्याच्या माझ्या पहिल्या वहीत ती तिहाई अजून आहे. निळ्या शाईत, माझ्याच बाळबोध अक्षरात. तीनतालाच्या समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून उचलायची, पाच मात्रांचा तुकडा तीनदा वाजवायचा आणि मधल्या दोन फटींत एकेक मात्रा थांबायचं. या थांबण्याला आम्ही 'दम' म्हणतो, वहीत त्याची खूण 'ऽ'. पाच त्रिक पंधरा, वर दोन दम, झाले १७. ताल १६ मात्रांचा, म्हणजे सतरावी मात्रा ही पुढची सम. हिशेब पोरासोरांना कळेल असा आहे. माझ्या वहीत मात्र 'ऽ' एकच होता.

मी ती तशीच घोकली. गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडपात पेटीच्या लेहऱ्यावर, ताल धरून फिरत राहणाऱ्या सुरावटीवर वाजवली, आणि माझा शेवटचा 'धा' सोळाव्या मात्रेवर पडला. पेटीवाले काका समेवर पोचले तेव्हा माझे हात केव्हाच मांडीवर येऊन बसले होते. लोकांनी टाळ्या दिल्या. काकांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

ज्यांनी मला ती तिहाई सांगितली ते वाजवायला तयारीचे होते. शिकवताना मात्र बोल तोंडाने सांगायचे आणि हात चालवून दाखवायची वेळ आली की त्यांना चहाची आठवण व्हायची. मी बरीच वर्षं त्यांच्यावर राग धरला. नंतर तबल्याचा इतिहास वाचत गेलो तसा तो उतरला. आमच्या विद्येत बंदिश ही इस्टेट होती. फरुखाबाद घराण्याचे मूळपुरुष हाजी विलायत अली खाँ यांना लखनौच्या बक्षू खाँनी मुलगी दिली आणि हुंड्यात 'गत' प्रकारच्या बंदिशी दिल्या, असं जुने लोक सांगतात. 'जहेजी गत' हा शब्द अजून मैफलीत ऐकू येतो. जी चीज लेकीबरोबर पाठवायची, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण वाटेल? दरबार हेच ज्यांचं पोट, त्यांनी मूठ झाकलेली ठेवली तर नवल नाही.

नवल आहे ते मूठ उघडणाऱ्यांचं. मुनीर खाँ चोवीस गुरूंकडे शिकले अशी ख्याती. त्यांचे भाचे आणि शिष्य अमीर हुसेन खाँ (१८९९-१९६९) मुंबईत राहिले आणि त्यांनी शिकवलं कुणाकुणाला पाहा: बंगालचे निखिल घोष, गोव्याचे पंढरीनाथ नागेशकर, पारशी घरातल्या आबान मिस्त्री, मराठी अरविंद मुळगावकर. यातलं एकही खाँसाहेबांच्या रक्ताचं नाही. घोषांनी १९५६ साली मुंबईत 'संगीत महाभारती' काढली. मुळगावकरांनी 'तबला' हे मराठी पुस्तक लिहिलं, म्हणजे ज्या गोष्टी कानाकानात होत्या त्या दुकानात विकत मिळू लागल्या. नागेशकरांकडे सुरेश तळवलकर शिकले आणि तळवलकरांकडे शिकलेल्यांची तर मोजदाद सोडा.

तरी एक सांगतो. पुस्तकातून बोल मिळतात, निकास मिळत नाही. निकास म्हणजे तो बोल कुठल्या बोटाने, पुडीच्या कुठल्या भागावर, चाटेवर, लवेवर की शाईवर, किती वजनाने काढायचा, ते सगळं. साधा 'तिट' घ्या. दिल्लीवाला तो मधलं बोट आणि तर्जनी अशा दोन बोटांत काढतो, तर लखनौकडचा पूरबवाला पहिल्या आघाताला तीन बोटं एकत्र टाकतो. लिहिताना दोन्हींचं अक्षर तेच. आता तर मोबाइलवर हव्या त्या उस्तादाचा हात दिसतो. माझे विद्यार्थी तो हळू करून पाहतात आणि मलाही दाखवतात. वजन मात्र काचेतून येत नाही.

हे मला कळलं ते दुसऱ्या मास्तरांकडे. दिवसा पोस्टात नोकरी, संध्याकाळी गिरगावातल्या दीड खोलीत शिकवणी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी वही मागितली. हाताने टाळी धरून ती तिहाई पुटपुटले, थांबले, कानावरची लाल पेन्सिल काढली आणि दुसऱ्या फटीत एक 'ऽ' घातला.

"लिहिताना राहिला असेल," एवढंच म्हणाले. कुणाचा राहिला, ते विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "वाजव आता."

चार वर्षांनी मी 'धिरधिर' या बोलावर अडकलो. धिरधिरमध्ये उजवा पंजा शाईवर आपटत नाहीत, डोलवतात. आधी करंगळीकडची कड, मग अंगठ्याकडची, कुलुपात किल्ली फिरवावी तसं मनगट. लय वाढली की माझा पंजा सपाट पडायचा आणि बोलांची खिचडी व्हायची. मास्तर महिनाभर माझ्या हाताकडे पाहत राहिले. मग एका गुरुवारी त्यांनी तबल्यावर कापड टाकलं.

"अरे, माझाच धिरधिर साफ नाही. माझ्याकडून तू हीच घाण शिकशील. ठाण्याला एक आहेत, चिठ्ठी देतो. त्यांच्याकडे बस."

"आणि तुमच्याकडे, मास्तर?"

"इथेही ये की. तिकडे जे मिळेल ते मला दाखव."

मला वाटलं, बोलायची पद्धत. ठाण्याला सहा महिने बसलो. तिथल्या गुरुजींनी माझं मनगट आपल्या मुठीत धरून डोलवलं, तेव्हा कुठे पंजातलं वजन कड बदलायला लागलं. परत येऊन वाजवलं तर मास्तर त्यांच्या बैठकीवरून उठले, माझ्या समोर येऊन बसले आणि उजवा हात पुढे केला.

"धर. त्यांनी धरला तसा."

वय तेव्हा त्यांचं ५६. मी संकोचत मनगट धरलं. जाड, पोस्टाचे शिक्के मारून कडक झालेलं. अर्धा तास आम्ही अगदी संथ लयीत तेच करत होतो आणि बाहेर पुढची दोन पोरं तबले घेऊन दाराशी ताटकळत उभी होती. पुढच्या गुरुवारी गेलो तर मास्तर चहाचा कप डाव्या हाताने उचलत होते. उजव्या तळव्याची करंगळीखालची कड लालभडक सुजली होती.