मोरीच्या तोंडाशी : ‘मेमरीज ऑफ मर्डर’ आणि ह्वासाँगचे खून

पिकून पिवळी झालेली भातशेती, बांधालगत सिमेंटची झाकलेली मोरी आणि तिच्यात वाकून पाहणारा गावचा पोलिस. ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा कोरियन चित्रपट इथे सुरू होतो. मोरीत हातपाय बांधलेल्या एका तरुणीचे प्रेत आहे. साल १९८६, महिना ऑक्टोबर. दिग्दर्शक बाँग जून-हो यांचा हा दुसराच चित्रपट. तो २००३ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यांच्या देशात पन्नास लाखांहून अधिक लोकांनी तो चित्रपटगृहात पाहिला. पुढे ‘पॅरासाइट’मुळे बाँग जगाला माहीत झाले, पण त्यांचा सर्वांत चांगला चित्रपट कोणता, हा वाद निघाला की आजही पुष्कळ जण या जुन्या चित्रपटाचेच नाव घेतात.

चित्रपटामागची घटना खरी आहे. सोलच्या दक्षिणेला, ग्याँगी प्रांतात, ह्वासाँग हा तेव्हा शेतीवाडीचा मुलूख होता. सप्टेंबर १९८६ ते एप्रिल १९९१ या काळात तिथे दहा स्त्रियांचे खून झाले. पहिला बळी ७१ वर्षांची वृद्धा होती; पुढच्या बळींमध्ये शाळकरी मुलीही होत्या. बहुतेकींवर शेताच्या वाटेवर, अंधार पडल्यावर हल्ला झाला आणि त्यांच्याच कपड्यांनी त्यांचे गळे आवळले गेले. या तपासात पोलिसांचे वीस लाखांहून अधिक मनुष्यदिवस खर्ची पडले आणि सुमारे २१ हजार जणांची चौकशी झाली. तरीही खुनी हाती लागला नाही. किम क्वांग-रिम यांनी १९९६ मध्ये या प्रकरणावर नाटक लिहिले. बाँग यांनी त्याचा आधार घेतला आणि स्वतःही बराच शोध घेतला.

रहस्यकथेतल्या गुप्तहेराला काहीतरी खोट असावी, हा संकेत जुना आहे. शेरलॉक होम्सला कोकेनची सवय होती. स्वीडनचा वॉलंडर एकाकी आणि आजारी, नॉर्वेचा हॅरी होले दारुडा. पण यांची खोट खासगी असते. घर मोडते, तब्येत ढासळते, वरिष्ठांशी भांडण होते. तपास मात्र सुटतो. खरे तर त्या खोटेमुळेच वाचकाला तो माणूस आपला वाटतो. बाँग यांच्या पोलिसांचे तसे नाही. पार्क दू-मान हा नायक खाऊनपिऊन सुखी आहे, त्याची प्रेयसी त्याची काळजी घेते. त्याची खोट त्याच्या कामात आहे, आणि ती त्याच्या एकट्याची नाही, सगळ्या पोलिस ठाण्याची आहे.

साँग कांग-हो यांनी रंगवलेल्या या पार्कला वाटते, की माणसाच्या डोळ्यांत पाहिले की गुन्हेगार ओळखता येतो. त्याचा साहेब त्याची परीक्षा घेतो. ठाण्यात दोन पोरे बसली आहेत. एक बलात्काराचा आरोपी, दुसरा पीडितेचा भाऊ. यातला आरोपी कोणता? उत्तर प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही. मोरीतले प्रेत, नंतरचे खून, पाऊस, लाल कपडे हे सगळे कथेत येते. पण चित्रपटाची खरी किल्ली या दोन मिनिटांच्या प्रसंगात आहे.

पार्कचा सहकारी चो हा लाथेचा माणूस. संशयिताला तुडवताना बुटाचे वळ उमटू नयेत म्हणून तो बुटावर कापडी खोळ चढवतो. गावातला एक मंदबुद्धी मुलगा त्यांच्या तावडीत सापडतो. त्याला मारायचे, मग खायला घालायचे, नकली ‘नाइकी’ बूट भेट द्यायचे आणि कबुलीजबाब घोकून घ्यायचा. हा सगळा प्रकार बाँग हसत हसत दाखवतात. प्रेक्षकही हसतो, आणि आपण कशाला हसलो हे त्याला बऱ्याच उशिरा उमगते. तो मुलगा पुढे रुळांवर आगगाडीखाली जातो. त्याआधीच्या मारामारीत खिळे ठोकलेल्या फळीने चोचा पाय जखमी झालेला असतो. धनुर्वात होऊन तो कापावा लागतो. लाथा घालणारा तोच पाय. एरवी हा योगायोग ढोबळ वाटला असता. इथे तो खपून जातो.

सोलहून आलेला सो ते-यून हा शिकलेला अधिकारी. त्याचा विश्वास कागदावर. बेपत्ता बाईच्या नोंदीवरून तो आणखी एक प्रेत शोधून काढतो. खुनाच्या रात्री रेडिओवर एकाच गाण्याची फर्माईश येते, हे ठाण्यातल्या महिला पोलिसाच्या लक्षात येते. तिचे काम एरवी चहा देण्याचे समजले जाते. सर्वांत चांगला धागा तिनेच शोधलेला असतो. फर्माईश करणारा तरुण सापडतो. त्याचे हात मऊ आहेत, आणि एका वाचलेल्या बाईने खुन्याचे हात मऊ असल्याचे सांगितलेले आहे. इथून पुढे सो हळूहळू पार्कसारखा होत जातो. डीएनए अहवाल अमेरिकेहून येतो आणि त्यात ठाम काहीच नसते, तेव्हा हाच कागदावर विश्वास ठेवणारा माणूस पावसात, बोगद्याच्या तोंडाशी, त्या तरुणावर पिस्तूल रोखतो. प्रेक्षकालाही तोवर तोच खुनी हवा असतो.

पोलिसांची ही गत का झाली, याचे उत्तर चित्रपट आडून देतो. ते चुन दू-ह्वान यांच्या लष्करशाहीचे दिवस होते. रात्री हवाई हल्ल्याच्या सरावासाठी दिवे घालवले जात. पावसाच्या रात्री पार्कचा साहेब जादा कुमक मागतो, तेव्हा सगळी पलटण निदर्शने मोडायला गेल्याचे कळते. १९८७ मध्ये लोकशाहीसाठी देश रस्त्यावर उतरला, १९८८ मध्ये सोलला ऑलिंपिक झाले. राज्यकर्त्यांचे लक्ष तिकडे होते. ह्वासाँगच्या शेतवाटा अंधारातच राहिल्या.

अखेरचा प्रसंग २००३ मधला. पार्कने नोकरी सोडली आहे, तो फळांचा रस काढायची यंत्रे विकतो. वाटेत तो त्याच मोरीत डोकावतो. एक लहान मुलगी सांगते, की काही दिवसांपूर्वी आणखी एक माणूस असाच डोकावत होता. पूर्वी इथे काहीतरी केले होते ते आठवले, असे म्हणत होता. दिसायला कसा होता? अगदी साधा, चारचौघांसारखा. पार्क वळतो आणि थेट प्रेक्षकांकडे पाहतो. खुनी चित्रपट पाहायला येऊ शकेल आणि त्याची नि पोलिसाची नजर भिडावी, अशी ही योजना असल्याचे बाँग यांनी पुढे सांगितले.

प्रत्यक्षात ह्वासाँगच्या शेवटच्या खुनाबद्दल खटला भरण्याची पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्ये संपली. १३ वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, जतन केलेल्या पुराव्यावरचा डीएनए एका कैद्याशी जुळला. ली चुन-जे हा १९९४ मध्ये मेहुणीवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल बुसानच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. त्याने १४ खुनांची कबुली दिली. तो ह्वासाँगचाच रहिवासी होता. त्या काळात पोलिसांनी त्याला एकदा नव्हे, अनेकदा चौकशीला बोलावले होते. पण खुन्याचा रक्तगट ‘बी’ असल्याची त्यांची पक्की समजूत होती आणि लीचा होता ‘ओ’. त्यामुळे तो दरवेळी सुटला.

दहा खुनांपैकी आठव्याची गोष्ट वेगळी. सप्टेंबर १९८८ मध्ये एका मुलीचा तिच्या घरात, झोपायच्या खोलीत खून झाला. हा दुसऱ्याच कुणीतरी नक्कल करून केलेला खून ठरला आणि शेतीची यंत्रे दुरुस्त करणारा, पोलिओने लंगडणारा २२ वर्षांचा तरुण पकडला गेला. त्याला झोपू न देता कबुलीजबाब लिहून घेतला, केसाच्या तपासणीचा अहवाल पुढे ठेवला आणि जन्मठेप झाली. दहांपैकी सुटलेले असे ते एकच प्रकरण होते. घरात घडलेल्या त्या खुनाचा प्रसंग बाँग यांच्या चित्रपटात नाही. पण घोकून घेतलेल्या कबुलीजबाबाची चीड चित्रपटभर आहे, आणि तो अन्याय ज्याच्या वाट्याला सर्वांत जास्त आला तो माणूस चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हाही तुरुंगातच होता. सुमारे वीस वर्षे काढून तो २००९ मध्ये बाहेर आला. तो खूनही आपलाच, असे ली म्हणाला तेव्हा खटला पुन्हा उघडला गेला. अहवालातही फेरफार झाल्याचे निघाले. डिसेंबर २०२० मध्ये सुवॉनच्या न्यायालयाने त्या माणसाला निर्दोष ठरवले आणि त्याची माफी मागितली.

त्याच फेरखटल्यात लीची साक्ष झाली. चित्रपट आपण तुरुंगात पाहिला, तो नुसता चित्रपट म्हणून पाहिला आणि काही विशेष वाटले नाही, असे त्याने न्यायालयात सांगितले. कोरियाने खुनाच्या खटल्यांवरची मुदत २०१५ मध्ये रद्द केली, पण आधीच संपलेल्या मुदती त्यामुळे उघडल्या नाहीत. कबूल केलेल्या चौदांपैकी एकाही खुनासाठी लीवर खटला भरता आला नाही. त्याची जन्मठेप मेहुणीच्या खुनासाठीचीच आहे.