मोगरा आणि घरातील ज्येष्ठ

वैशाखात परभणी जिल्ह्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो. डेल्फिनियमसारखी थंड हवेतील फुलझाडे या उन्हात तग धरत नाहीत. मोगरा मात्र याच दिवसांत बहरतो. कळ्या उमलू लागल्या की आजीआजोबांची पावले अंगणाकडे वळतात. ‘उन्हात जाऊ नका’ म्हणून त्यांना सरसकट घरात बसवणे सोपे असले, तरी हितकारक नव्हे. झाडाच्या निमित्ताने रोज उठावेसे वाटते, हातपाय हलते राहतात. म्हणून त्यांची बाग बंद करू नका. बागेची वेळ आणि उंची बदला.

सकाळी 8 च्या आत किंवा सूर्यास्तानंतरच झाडांपाशी जावे. उतारवयात तहान कमी जाणवते, म्हणून आधी पेलाभर पाणी द्यावे; हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असल्यास ते पाळावे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर वाकून एकदम उठताना भोवळ येऊ शकते. यासाठी कुंडी कमरेइतक्या ओट्यावर आणि शेजारी खुर्ची ठेवावी. भरलेल्या बादलीऐवजी हाती तांब्या द्यावा. मधुमेह असल्यास अनवाणी फिरू नये.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. कुंडीत तिच्यासोबत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे, तळाचे छिद्र मोकळे असावे. मोगऱ्याला रोज 5-6 तास ऊन हवे. हिवाळा सरताना छाटणी केली की नव्या फुटीवर कळ्या धरतात. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचे डास तेथेच वाढतात.

उन्हातून आल्यावर बोलणे असंबद्ध झाले आणि अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. त्वरित 108 ला फोन करावा. रुग्णाला सावलीत निजवून अंग ओल्या कापडाने पुसावे, वारा घालावा. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये.

आणि एक लक्षात असू द्यावे. ओंजळभर फुले समोर असूनही ‘वास येत नाही’ असे आजी म्हणाल्या, तर ‘वय झाले’ म्हणून विषय सोडू नका, डॉक्टरांना सांगा. ज्यांना मोगऱ्याचा गंध कळत नाही, त्यांना स्वयंपाकघरातील गॅसगळतीही कळणार नाही.