‘ळ’ हरवला आणि पोथी सापडली

एका जुन्या बखरीची शब्दसूची करण्याचे काम यंदा पावसाळ्यात आम्ही अंगावर घेतले. शब्द दोन हजारांवर. मुद्रकाची मुदत सोमवारची. पूर्वी अशा कामाच्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या की घरच्या मंडळींना पंखा बंद करून बसावे लागे. यंदा कन्येने जाताना आपला लिनक्सवाला जुना संगणक आणि पायथॉन भाषेतल्या चार ओळी आमच्या हवाली केल्या होत्या. क्षणात यादी लागली. पाहतो तो काय, ‘कावळा’च्या आधी ‘काळ’!

आपल्या वर्णमालेत ‘ळ’ बसतो ‘ह’च्या नंतर. संगणक मात्र अक्षरे लावतो ती युनिकोडमधल्या क्रमांकांनी, आणि तिथे ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारचे आसन मिळाले आहे; ‘व’ त्याच्या मागे. शनिवारची रात्र, बाहेर मुसळधार पाऊस, इंटरनेट दुपारीच गेलेले. कन्येला वसतिगृहावर फोन लावला.

“बाबा, इंटरनेट कशाला हवे? मॅनला विचारा! नाहीतर पायडॉकला,” एवढे बोलली आणि फोन तुटला.

मॅन हे कोणी गृहस्थ नव्हेत. मॅन्युअलचे ते लाडके नाव. काळ्या खिडकीत ‘मॅन’ लिहून पुढे आज्ञेचे नाव घातले की त्या आज्ञेचे पान उघडते. नावच ठाऊक नसेल तर मध्ये उणे चिन्ह आणि ‘के’ घालून विषयाचा शब्द द्यावा. या पोथीचे मूळ युनिक्सचे; तिची पहिली आवृत्ती बेल प्रयोगशाळेतल्या केन टॉमसन व डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये काढली. तिचे भाग पाडलेले आहेत. नुसते ‘मॅन प्रिंटएफ’ म्हटले तर पहिल्या भागातली आज्ञा पुढे येते. सी भाषेतले फंक्शन हवे असेल त्याने मध्ये ३ हा आकडा घालावा. पुष्कळ पानांच्या शेवटी ‘दोष’ असा मथळा असतो आणि त्याखाली रचनेतल्या उणिवा सरळ मांडलेल्या असतात. आमच्या क्रमिक पुस्तकांत हा मथळा आला तर पुस्तके दुप्पट जाड होतील!

आम्ही मॅनला ‘सॉर्टेड’विषयी विचारले. उत्तर आले, अशी नोंद नाही. तासभर तिथेच गेला. ते पायथॉनचे फंक्शन. त्याची माहिती ‘पायडॉक३’जवळ. तिथे विचारताच पान उघडले. (मिटायला ‘क्यू’ दाबावा लागतो, हे कळेपर्यंत आम्ही खिडकीच बंद करीत होतो.) पहिल्या ओळीत सूत्रासारखा सांगाडा: कंस, तिरकी रेघ, तारका आणि ‘की’पुढे बरोबरचे चिन्ह. त्या चिन्हापुढे लिहिलेले असते ते आपण काही न सांगितल्यास धरले जाणारे मूल्य. सांगाड्याखाली दोनच वाक्यांचे भाष्य. क्रम बदलायचा असेल तर तो ठरवणारे आपले फंक्शन या ‘की’ला द्यावे, असे दुसऱ्या वाक्यात होते, ते आमच्या डोळ्यांखालून तीनदा निसटले. बखरीच्या ओळीवर आठवडा घालवणाऱ्या माणसाला दोन वाक्ये सावकाश वाचता येऊ नयेत?

मग सबंध वर्णमाला आम्ही हाताने लिहिली, ‘ळ’ला ‘ह’च्या मागे बसवले आणि प्रत्येक अक्षराला त्याच्या जागेचा क्रमांक देणारे फंक्शन ‘की’च्या हाती दिले. ‘कावळा’ पुढे आला. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी घ्यावेत की ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात, याविषयी मात्र पायडॉकचे काहीच म्हणणे नव्हते, आणि त्यापायी मुद्रकाला मंगळवारपर्यंत थांबावे लागले.